पावती न मागितलेली चार पाकिटं

त्या हप्त्यांच्या पुस्तकाला हात लावायची मला आजही किळस येते. निळ्या पुठ्ठ्याचं, तळहाताएवढं पुस्तक. आत दर महिन्याचा एक चौकोन, आणि हप्ता भरला की त्या चौकोनात फायनान्स कंपनीचा गोल शिक्का. ज्यांच्यासाठी ते हप्ते होते तो फ्रिज आणि ते वॉशिंग मशीन केव्हाच भंगारात गेलं. पुस्तक मात्र मी फेकलेलं नाही. मुलगी कधीतरी कपाट आवरताना विचारते, हे कशाला ठेवलंयस? मी सांगते, माझ्या मूर्खपणाचा दाखला आहे तो. तिला वाटतं, आई नेहमीसारखी कुरकुरतेय.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर आम्ही मुंबईहून मेलबर्नला आलो आणि क्लेटनमध्ये दोन खोल्यांच्या भाड्याच्या युनिटमध्ये राहू लागलो. नवरा इंजिनियर, मी बी.कॉम., मुलगी तीन वर्षांची. मुंबईत मी नवऱ्याला अहो म्हणायचे, इथे आल्यावर वर्षभरात ते अरे झालं. सासूबाईंचं पत्र आलं की आठवडाभर पुन्हा अहो. माझ्या माहेरी वाण्याचं बिलसुद्धा महिन्याच्या एक तारखेला चुकतं होई. हप्त्यावर वस्तू घेणं म्हणजे वडिलांच्या लेखी अब्रू गहाण टाकणं. तेव्हा फ्रिज आणि मशीन नवऱ्याच्या नावावर हप्त्याने घेतलं, हे मी माहेरी कधी कळवलंच नाही. पण पहिल्या हप्त्यापासून दर महिन्याला मी स्वतः ट्रेनने जाऊन काउंटरवर रोख पैसे भरले आणि शिक्का मारून घेतला. एकदाही उशीर केला नाही.

दोन वर्षांनी सासूबाई फार आजारी पडल्या. आम्ही तिघं चार महिन्यांसाठी मुंबईला निघालो. नवऱ्याने बिनपगारी रजा घेतली. प्रश्न आला तो हप्त्यांचा.

नवऱ्याचा कॉलेजमधला एक मित्र आमच्या आधी वर्षभर इथे आला होता, दोन रस्ते सोडून राहायचा. मी त्याला भाऊजी म्हणत असे, तो मला वहिनी. सवय म्हणून इथेही भाऊजीच लिहिते आहे, नात्याचा त्यात अपमान होतो खरा. निघायच्या आदल्या दिवशी भाऊजी संध्याकाळी पोहे खायला आला. मी चार पाकिटं तयार ठेवली होती. प्रत्येकावर माझ्या अक्षरात महिन्याचं नाव, आत हप्त्याची नेमकी रक्कम, सुट्टी नाणीसुद्धा मोजून. पाकिटं, हप्त्यांचं पुस्तक, घराची किल्ली, असं सगळं नवऱ्याने त्याच्या हातात दिलं. कुंड्यांना पाणी घालायचं आणि पेटीतली पत्रं घरात आणून ठेवायची, हेही त्याच्यावर सोपवलं.

मी नवऱ्याला स्वयंपाकघरात बोलावून हळूच म्हटलं, "अरे, काउंटरवर पावती पण देतात. ती दर महिन्याला आपल्याला पोस्टाने पाठवायला सांग ना त्यांना."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी भाऊजीचे खिसे तपासायला सांगितले होते. "मित्राकडे पावत्या मागू? काहीतरीच काय बोलतेस."

आणि मला खरंच लाज वाटली. हे आमच्या लोकांचं मला नेहमीच नवल वाटत आलंय. परक्याकडून आम्ही दोन पैशांची पावती घेऊ, उजेडात धरून वाचू. आपल्या माणसाकडे मात्र कागद मागायचा म्हणजे तोंडावर चोर म्हटल्यासारखं. मी बाहेर जाऊन भाऊजीला आणखी पोहे वाढले. वर लिंबूही पिळलं.

सासूबाई गेल्या. दिवस झाले, सगळं झालं, आम्ही परत आलो. भाऊजी एअरपोर्टवर गाडी घेऊन हजर. घर झाडलेलं, कुंड्या हिरव्यागार. पुस्तक त्याने दोन्ही हातांनी नवऱ्याला दिलं. मी उघडून पाहिलं, चारही चौकोनांत शिक्के. मला भरून आलं. त्याच्यासाठी आणलेल्या बाकरवडीच्या पिशवीत मी माझ्या बहिणीने आमच्यासाठी दिलेला चिवड्याचा डबाही घातला.

शिक्के होते एवढंच मी पाहिलं. शिक्क्यांच्या मधोमध तारीख असते, ती वाचली नाही.

पुढच्या वर्षी मला शहरातल्या एका फायनान्स कंपनीत नोकरी लागली. आमचे हप्ते जिच्याकडे होते ती ही नव्हे, दुसरी. माझं टेबल क्रेडिट विभागात. कोणी कर्जाचा अर्ज केला की मी क्रेडिट ब्युरोला फोन लावायचा, अर्जदाराचं नाव, जन्मतारीख, पत्ता वाचून दाखवायचा. पलीकडची बाई कार्ड काढायची आणि सांगायची, क्लिअर की डिफॉल्ट. म्हणजे पूर्वी कुठल्या कर्जाचे हप्ते थकवलेत का. क्लिअर असेल तर मी अर्जाच्या कोपऱ्यात निळ्या पेनने तसं लिहायचं. डिफॉल्ट असेल तर लाल पेन्सिलने मोठा डी. लाल डी दिसला की साहेब पुढचं पान उलटतसुद्धा नसत.

माझी सुपरवायझर सतत सिगारेट ओढणारी, मनाने प्रेमळ बाई होती. पहिल्याच दिवशी तिने मला शिकवलं, "पीपल लाय, लव्ह. कार्ड्स डोन्ट."

मला हे फार पटलं. खोटं कशाला सांगू, मला ते काम आवडायचं. मी वडिलांची मुलगी होते. वेळेवर न भरणारा माणूस मला स्वच्छ वाटतच नसे. लाल डी काढताना हात जड झाला, असं एकदाही झालं नाही. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात लोक जेवणाच्या रांगेत उभे असायचे आणि मी मनातल्या मनात ठरवायचे, हा क्लिअर, ही क्लिअर, त्या दाढीवाल्याचं काही सांगता येत नाही. भाऊजी अर्थातच क्लिअर. तो तोपर्यंत मंडळाचा खजिनदार झाला होता.

एक ग्रीक बाई मात्र लक्षात राहिली आहे. शिवणाचं मोठं मशीन घेऊन घरी काम करायचं म्हणून तिने कर्ज मागितलं होतं. कार्डावर डिफॉल्ट निघालं, मी डी काढला, नकाराचं पत्र गेलं. ती थेट ऑफिसात आली. तिच्या मोडक्या इंग्रजीत सांगू लागली की नवरा टाकून गेला होता, दोन महिने ती हॉस्पिटलमध्ये होती, नंतर सगळे पैसे भरले. पर्समधून तिने रबर लावलेला पावत्यांचा गठ्ठा काढून काउंटरवर ठेवला. एकूण एक पावती जपून ठेवली होती तिने. मी त्या गठ्ठ्याला हातही लावला नाही. म्हटलं, "द रेकॉर्ड इज द रेकॉर्ड, लव्ह." सुपरवायझरसारखंच म्हटलं, तसाच मऊ आवाज काढून. तिने गठ्ठा परत रबरात घालायला फार वेळ घेतला आणि मागे तीन माणसं ताटकळली होती, याचाच मला राग आला.

ऐंशी सालानंतर कंपनीत गुणांचा तक्ता आला. नोकरीत किती वर्षं, एका पत्त्यावर किती वर्षं, घरी फोन आहे का, सगळ्याचे गुण लावायचे आणि बेरीज करायची. जुनं एक डिफॉल्ट असलं की इतके गुण वजा होत की बाकी सगळी बेरीज पाण्यात. ते का झालं, कोणामुळे झालं, याला तक्त्यात रकानाच नव्हता. मला तेही ठीक वाटलं. काम लवकर उरकायचं.

त्याच सुमारास मुलगी प्रायमरीच्या शेवटच्या वर्षाला आली. तिच्या टीचरने आम्हाला बोलावून सांगितलं की हिला चांगल्या शाळेत घाला, ही पुढे जाईल. चांगली शाळा होती ग्लेन वेव्हर्लीत, आणि त्या शाळेच्या हद्दीत घर असेल तरच प्रवेश. तिथे भाड्याने काही मिळेना. आम्ही दर शनिवारी विक्रीची घरं बघत हिंडायचो. शेवटी एक सापडलं. तीन बेडरूम, मागे लिंबाचं झाड, स्वयंपाकघराच्या खिडकीतून शाळेचं मैदान दिसायचं. डिपॉझिटचे पैसे साठलेले होते. मी दुपारच्या जेवणाचे डबे नेऊन नेऊन, जुने कोट वापरून, एकेक डॉलर बाजूला टाकला होता. मुलीने तर कंपास पेटीच्या झाकणावर आतून नवा पत्ता लिहूनसुद्धा टाकला.

बँकेच्या मॅनेजरने आम्हाला बसायला सांगितलं, कॉफी विचारली आणि कर्ज मिळणार नाही म्हणून सांगितलं. नवऱ्याच्या नावावर पूर्वीची थकबाकी आहे म्हणे. मी हसलेच. म्हटलं, चूक झाली असेल, आम्ही आयुष्यात एक हप्ता चुकवलेला नाही. त्याने खांदे उडवले.

"द रेकॉर्ड इज द रेकॉर्ड, आय ॲम अफ्रेड."

शब्दन् शब्द माझाच, आवाजही तितकाच मऊ.

दुसऱ्या दिवशी मी माझ्याच टेबलावरून ब्युरोला फोन लावला. नियमात बसत नव्हतं, तरी लावला. नवऱ्याचं नाव वाचलं, जन्मतारीख वाचली. पलीकडची बाई मला आवाजाने ओळखायची, मी कोणाचं नाव वाचते आहे हे तिला ठाऊक नव्हतं. कार्ड काढून ती म्हणाली, "डिफॉल्ट, डार्ल. फ्रिज अँड वॉशिंग मशीन. फोर इन्स्टॉलमेंट्स. पेड लेटर." मी थँक्यू म्हणून फोन ठेवला. पाहते तर सवयीने लाल पेन्सिल हातात घेतलेली.

घरी येऊन कोट न काढता कपाटातून निळं पुस्तक काढलं. चार चौकोन, चार शिक्के, आणि चारही शिक्क्यांवर एकच तारीख. आम्ही मुंबईहून परत आलो त्याच्या तीन दिवस आधीची. इतकी वर्षं ते पुस्तक माझ्या साड्यांखाली पडलं होतं, आणि मी रोज दुसऱ्यांची कार्डं तपासत होते. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

रविवारी दुपारी आम्ही दोघं भाऊजीकडे गेलो. मी बसलेही नाही. पुस्तक उघडून त्याच्यासमोर धरलं.

"भाऊजी, चार महिन्यांच्या शिक्क्यांवर एकच तारीख कशी?"

त्याने पुस्तकाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "वहिनी, पैसे भरले ना मी? एक सेंट तरी कमी आहे का?"

"केव्हा भरले ते विचारतेय."

"त्या वेळी माझा जॉब गेला होता. कोणाला सांगितलं नव्हतं. माझे कारचे हप्ते चालू होते. ते चुकले असते तर माझं नाव खराब झालं असतं."

"म्हणून आमचं केलंत?"

"तसं नाही हो. तुम्ही इंडियात होतात, तुम्हाला काय फरक पडणार होता? नवा जॉब लागल्यावर दोस्ताकडून उसने घेऊन तुमचे सगळे एकदम भरून टाकले. फिटंफाट!"

"आणि कंपनीची पत्रं? घरावर आली असतील ना?"

"तीन आली होती." हे सांगताना त्याचा चेहरा जरासुद्धा पडला नाही. "मी फाडून टाकली. म्हटलं, आई गेल्यात, वर तुम्हाला कशाला टेन्शन."

माणूस चोरी करतो ती एक वेळ मी समजू शकते, नोकरी गेली की डोकं फिरतं. पण वर त्याला आमच्या दुःखाची काळजी म्हणून दाखवायचं! मला त्या खोलीतल्या हवेचीच शिसारी आली. ती पाकिटं मी नाण्यांसकट मोजून भरली होती आणि त्यांतून त्याने स्वतःच्या गाडीचे हप्ते भरले होते. एअरपोर्टवर आम्हाला घ्यायला आला तो त्याच गाडीने. आम्ही तिच्यात बसून त्याचे आभार मानले होते.

मी म्हटलं, "हे लिहून द्या. एवढंच की पैसे तुमच्याकडे दिले होते आणि भरायला उशीर तुम्ही केलात. मी ते कंपनीला, ब्युरोला, बँकेला, सगळ्यांना नेऊन दाखवते."

"लेखी?" तो नवऱ्याकडे वळला. "लेखी कसं देऊ यार? मी स्वतः घर बघतोय. दुसरं काहीही माग, मित्र म्हणून."

त्याच्या बायकोने चहा आणून ठेवला होता. मी नवऱ्याकडे पाहिलं. वाटलं, आता हा उठेल, काहीतरी फेकेल, निदान आवाज चढवेल. त्याने खाली मान घालून कप उचलला आणि चहा प्यायला. सगळा प्यायला. त्या दिवशी भाऊजीपेक्षाही मला नवऱ्याचा वीट आला, आणि तो कितीतरी महिने गेला नाही.

ब्युरोला मी पत्रं लिहिली. उत्तर आलं की नोंद चुकीची असेल तर काढता येईल. पण चार हप्ते मुदतीत भरले गेले नव्हते, हे खरं आहे की नाही? खरं होतं. पैसे दुसऱ्याकडे दिले होते याचा पुरावा काय? पुरावा नव्हता. तेव्हा मला त्या ग्रीक बाईचा रबर लावलेला गठ्ठा आठवला. तिच्याकडे सगळ्या पावत्या होत्या तरी मी बघितल्या नाहीत. माझ्याकडे एकही नव्हती. तिचं नाव आठवायचा मी प्रयत्न केला, आठवेना. उच्चारायला अवघड म्हणून मी तिला नुसतं लव्ह म्हटलं होतं.

ग्लेन वेव्हर्लीचं घर दुसऱ्या कोणी घेतलं. मुलगी म्हणाली, "इट्स ओके, आई. आय डोन्ट इव्हन लाइक दॅट स्कूल." मग एका संध्याकाळी मी तिची पेन्सिल शोधायला कंपास पेटी उघडली, तर झाकणावरचा पत्ता तिने काळ्या शाईने गिरवून गिरवून बुजवला होता. शाई झाकणाच्या बाहेरपर्यंत आली होती. ती क्लेटनच्याच शाळेत गेली. आमचं स्वतःचं घर झालं ते तिची शाळा संपल्यावर, तेही खूप लांब.

त्या वर्षीच्या गणपतीत मी जाणार नव्हते, पण मुलीचा नाच होता. दारातच भाऊजी टेबल मांडून बसलेला, पुढे मंडळाचं छापील पावतीपुस्तक. नवऱ्याने पाच डॉलर वर्गणी दिली. भाऊजीने कार्बन नीट लावला, तारीख घातली, सही केली आणि कागद फाडून माझ्यापुढे धरला. "घ्या वहिनी, पावती." हसत म्हणाला. मी ती तिथेच चुरगाळून टेबलावर टाकली. बायका म्हणाल्या, हिचा स्वभाव फार तापट झालाय हल्ली.

यानंतर काही महिन्यांनी, एका सोमवारी सकाळी, माझ्या टेबलावरच्या गठ्ठ्यात वरून चौथा अर्ज भाऊजीचा निघाला. नव्या घरासाठी फर्निचर आणि पडदे घ्यायचे म्हणून कर्ज हवं होतं. पत्ता ग्लेन वेव्हर्लीचा. मी कुठे काम करते हे त्याला माहीत होतं. तरी त्याने आमच्याच कंपनीत अर्ज केला. मी काही करणार नाही, याची त्याला खात्री असणार.

तक्त्यावर मी त्याचे गुण लावले. नोकरी, फोन, वय, सगळ्याला भरपूर. मग ब्युरोला फोन केला आणि त्याचं नाव वाचलं. माझा आवाज नेहमीसारखाच होता. पलीकडची बाई कार्ड वाचून खूश झाली.

"क्लिअर, डार्ल. कार लोन, नेव्हर अ डे लेट. विश दे वेअर ऑल लाइक हिम."

मी फोन ठेवला. लाल पेन्सिल डाव्या हाताशी होती. एक डी काढला असता तर कोणी परत फोन करून विचारलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. इतक्या वर्षांत कोणी एकदाही विचारलं नव्हतं. काढावा असं वाटलं, अगदी बोटं शिवशिवली. पण मग त्या चार शिक्क्यांत आणि माझ्या डीमध्ये फरक काय राहिला असता? मला त्याच्यासारखं व्हायची जास्त किळस आली. आणि कार्ड खोटं कुठे होतं? त्याने एकही हप्ता चुकवला नव्हता. आमच्या पाकिटांमुळे चुकवला नव्हता, पण हे लिहायला जागा नव्हती. निळं पेन उचलून मी कोपऱ्यात लिहिलं, क्लिअर.

दोन दिवसांनी कर्ज मंजूर झालं. मंजुरीची पत्रं पाकिटात घालायचं काम माझंच होतं. त्याचं नाव आणि पत्ता मी हाताने लिहिला, त्या चार पाकिटांवर महिने लिहिले होते तशाच अक्षरात. माझ्याकडून त्याला मिळालेलं हे पाचवं पाकीट. ऑफिसची पत्रं साध्या टपालाने जात. हे एक मात्र मी जेवणाच्या सुट्टीत स्वतः पोस्टात नेलं, पदरचे पैसे घालून रजिस्टर केलं आणि काउंटरवरच्या माणसाकडून पावती मागून घेतली. निळ्या पुस्तकात त्या चार शिक्क्यांच्या पानावर ती अजून टाचलेली आहे.